कच्च्या खर्ड्यापासून शोधनिबंधापर्यंत
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिवाळीच्या सुट्या संपल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. विषय मंजूर झालेला असतो, गाईडची सही मिळालेली असते आणि लिहायला मात्र सुरुवात होत नाही. काहींना या महिन्यातच निबंध द्यायचा आहे, काहींना मार्चमध्ये. नागपूर आणि आसपासच्या महाविद्यालयांतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे इथे घेतली आहेत. संशोधन पद्धती शिकवणारे प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांनी मिळून उत्तरे लिहिली आहेत.

मी बी.ए. तिसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. ‘नागपूरची संत्री : एक अभ्यास’ असे शीर्षक दिले आहे. मार्चमध्ये १५ पाने द्यायची आहेत. महिनाभरापासून वाचून राहिलो, वही भरली, पण पहिले पान काही होत नाही.
– एक विद्यार्थी, काटोल

पहिले पान अडले आहे, कारण तुमच्याकडे विषय आहे, प्रश्न अजून नाही. ‘एक अभ्यास’ या शीर्षकात लागवड, कोळशी (झाडावर काळी बुरशी धरणारा रोग), भाव, निर्यात, २०१४ साली मिळालेले भौगोलिक मानांकन असे सगळेच मावते. म्हणून वाचलेले सगळेच उपयोगाचे वाटते आणि काहीच टाकवत नाही.

विषयाला चार बाजूंनी कुंपण घाला : जागा, काळ, माणसे आणि तुलना. तुम्ही काटोलचे आहात, तर जागा काटोल तालुक्यातली तीन-चार गावे. काळ यंदाचा आंबिया बहर (संत्र्याच्या दोन हंगामांपैकी एक), कारण त्याचा माल ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरतो आणि शेतकऱ्यांचे हिशेब अजून ताजे आहेत. माणसे म्हणजे दोन प्रकारचे बागायतदार : झाडावरचाच माल व्यापाऱ्याला उक्ता, म्हणजे सगळ्या बागेचा एकच भाव ठरवून, देणारे आणि स्वतः तोडून नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात नेणारे. आता प्रश्न असा होतो : ‘यंदाच्या आंबिया बहरात खर्च वजा जाता टनामागे कोणाच्या हाती जास्त पैसे उरले?’ उत्तर दोन्ही बाजूंना जाऊ शकते, म्हणून हा चांगला प्रश्न आहे. ‘संत्र्याचे अर्थव्यवस्थेतील महत्त्व काय?’ या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते. त्याला संशोधन लागत नाही.

एक अडचण मात्र आताच ध्यानात घ्या. उक्त्या सौद्यात बागेची एकूण रक्कम ठरते, वजन ठरत नाही. बाजारात नेणाऱ्याचा हिशेब मात्र वजनावर असतो. दोघांची तुलना टनावर करायची, तर उक्त्या बागेतून किती गाड्या भरल्या आणि प्रत्येकीत अंदाजे किती माल होता, हे विचारावेच लागेल. शिवाय सौदा झाल्यावर गारपीट झाली किंवा फळगळ झाली, तर नुकसान कोणाच्या अंगावर पडते, हेही विचारा. कमी पैसे घेऊन जोखीम टाळणारा शेतकरी तोट्यात आहे असे थेट म्हणता येत नाही. तुमच्या निबंधातला सर्वात कसदार भाग बहुधा हाच ठरेल.

भाव तोंडी विचारू नका, पट्टी (बाजारात मिळणारी विक्रीची पावती) पाहायला मागा. आठवणीतला भाव हा बहुतेक वेळा हंगामातला सर्वात चांगला भाव असतो. पट्टीवर वजन, दर आणि कापलेल्या रकमा लिहिलेल्या असतात. तोडणीची मजुरी, गाडीभाडे आणि पेट्यांचा खर्च वेगळा विचारा. प्रत्येक प्रकारचे १० असे २० बागायतदार तुमच्या पातळीला पुरेत, पण सगळे एकाच भाऊबंदकीतले नकोत.

पानांचे गणित आधीच मांडून ठेवा. मराठीत १४ पॉइंट आणि दीड ओळीच्या अंतराने पानावर साधारण ३०० शब्द बसतात, म्हणजे १५ पानांचे ४,५०० शब्द. त्यातले प्रस्तावनेला ५००, पूर्वसंशोधनाला ९००, पद्धतीला ५००, निष्कर्ष आणि चर्चेला २,२००, समारोपाला ४००. नागपुरी संत्र्याचा इतिहास सांगण्यात सहा पाने गेली की स्वतः गोळा केलेल्या माहितीला जागा उरत नाही. असे अगदी दरवर्षी होते.

माझा विषय नागपूरची मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणारे पुतळे, हा आहे. काळी मारबत १८८१ची आणि पिवळी १८८५ची, हे दाखवायला माझ्याकडे वर्तमानपत्रांतल्या १४ बातम्या आहेत. गाईड मॅडम म्हणतात, हा एकच संदर्भ झाला. चौदाचा एक कसा होतो?
– एम.ए. इतिहासाची विद्यार्थिनी, इतवारी

मॅडमचे म्हणणे बरोबर आहे. मिरवणूक दरवर्षी तान्ह्या पोळ्याला निघते, त्यामुळे दरवर्षी बातमी येते आणि मागच्या वर्षीच्या बातमीतली सालेच पुढच्या बातमीत उतरतात. १४ कात्रणे तारखेप्रमाणे जमिनीवर मांडा आणि प्रत्येकीने ही माहिती कुठून घेतली असेल याचा बाण काढा. बहुतेक बाण एकाच ठिकाणी जाऊन थांबतील, किंवा कुठेच जाणार नाहीत. स्वतंत्र साक्षीदार किती, हे त्या बाणांवरून मोजायचे.

यानंतर मागे जायचे. नागपूर जिल्ह्याचे गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) १९०८ साली निघाले आणि महाराष्ट्र शासनाची सुधारित आवृत्ती १९६६ साली. दोन्हींत सण-उत्सवांचा आणि नागपूर शहराचा भाग ओळीने वाचा, फक्त सूचीवर विसंबू नका. रोमन लिपीत ‘मारबत’ कसे लिहिले असेल याचा नेम नसतो. जुनी वर्तमानपत्रे चाळताना सगळे वर्ष चाळू नका. पोळा श्रावण अमावास्येला येतो. जुन्या पंचांगातून त्या त्या वर्षीची तारीख काढा आणि तिच्या पुढचे आठ दिवस पाहा. असे केल्यास एका दुपारी पाच-सहा वर्षे होतात. त्याशिवाय मिरवणूक काढणाऱ्या मंडळींकडच्या वर्गणीच्या वह्या, पावत्या, परवान्याचे कागद आणि छायाचित्रांच्या पाठीमागचा मजकूर पाहा.

गॅझेटियरमध्ये उल्लेख सापडला नाही, तर ‘तेव्हा मारबत नव्हती’ असे लिहू नका. इंग्रजी अधिकाऱ्याला प्रत्येक मोहल्ल्यातली मिरवणूक नोंदवावीशी वाटली असेलच असे नाही. एवढेच लिहा की या ग्रंथाच्या अमुक पानांवर उल्लेख नाही.

लिहिताना क्रियापद जपून वापरा. ‘१८८१ मध्ये सुरू झाली’ हे एक विधान आहे, ‘१८८१ मध्ये सुरू झाली असे मंडळाचे लोक सांगतात’ हे दुसरे, आणि ‘मला सापडलेला पहिला छापील उल्लेख अमुक सालचा आहे’ हे तिसरे. तिसरे विधान तुमच्या स्वतःच्या कष्टाचे आहे आणि ते कोणी खोडू शकत नाही. पहिले सिद्ध झाले नाही तरी निबंध पडत नाही. परंपरेत सांगितले जाणारे साल आणि कागदावर सापडणारे साल यांत अंतर का पडते, हाच तुमचा प्रश्न होऊ शकतो.

मुलाखत घेतलीत तर तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचे वय, त्याचे मारबतीशी नाते आणि नाव छापायला त्याची संमती, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. महिनाभराने रेकॉर्डिंग ऐकताना आवाज कोणाचा हेही आठवत नाही.

‘मेट्रो आणि महाविद्यालयीन विद्यार्थी’ या विषयावर गूगल फॉर्मने ६२ जणांची माहिती घेतली. २२ प्रश्न, २२ पाय चार्ट. सर म्हणतात, यात विश्लेषण नाही. मुली मुलांपेक्षा मेट्रो जास्त वापरतात हे स्पष्ट दिसते, मग आणखी काय हवे?
– बी.कॉम.चा गट, नंदनवन

तुमचे आकडे असे आहेत : ४१ मुलींपैकी २६ मेट्रो वापरतात आणि २१ मुलांपैकी ९. म्हणजे ६३ टक्के आणि ४३ टक्के. फरक २० टक्क्यांचा, म्हणून तो स्पष्ट वाटतो. पण काय-स्क्वेअर चाचणी, म्हणजे दिसणारा फरक योगायोगाने पडू शकतो का हे तपासणारे गणित, लावून पाहा. मुलगे-मुली असा भेद नसता, तर एकूण ६२ पैकी ३५ या प्रमाणाने मुलींत २३.१ आणि मुलांत ११.९ वापरणारे अपेक्षित होते. मुली-मुलगे आणि वापरणारे-न वापरणारे अशा चार चौकटींत प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतल्या फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित आकडा करून बेरीज घेतली की उत्तर २.३९ येते. डिग्री ऑफ फ्रीडम १ असताना (दोन बाय दोनच्या तक्त्यात ती १ असते) ५ टक्के पातळीला, म्हणजे योगायोगाची शक्यता शंभरात पाचपेक्षा कमी म्हणायची तर, किमान ३.८४ लागते. म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. ‘मुली जास्त वापरतात’ हे वाक्य काढावे लागेल. त्याऐवजी लिहा : ‘या नमुन्यात मुलींचे प्रमाण जास्त आढळले, परंतु फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नाही.’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. उलट परीक्षक नेमके हेच पाहतो.

टक्केवारीत दोन दशांश लिहिले आहेत ते काढा. २१ मुलांत एका मुलाचे उत्तर बदलले की टक्केवारी जवळपास ५ने हलते, तिथे ‘४२.८६ टक्के’ लिहून खोटी अचूकता दिसते. ‘२१ पैकी ९’ असेच लिहा.

मोठी अडचण नमुन्याची आहे. फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला, तिथून मित्रांकडे गेला. हा सोयीचा नमुना झाला, म्हणजे सहज हाती आले त्यांचाच, आणि तो तसा आहे हे पद्धतीच्या प्रकरणात सरळ लिहा. पुढच्या वेळी आकार आधी ठरवा. एकूण संख्या माहीत असेल तर यामाने यांचे सूत्र वापरतात : एकूण संख्या भागिले, एक अधिक एकूण संख्या गुणिले त्रुटीचा वर्ग. महाविद्यालयात १,२०० विद्यार्थी आणि त्रुटी ०.०५ (म्हणजे ५ टक्के) धरली, तर १,२०० भागिले ४ म्हणजे ३०० जण येतात. मात्र ते ३०० हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून किंवा दर चौथा क्रमांक घेऊन निवडलेले हवेत. आलेले पहिले ३०० फॉर्म म्हणजे तो नमुना नव्हे.

प्रश्नावलीत सातवा प्रश्न आहे : ‘मेट्रो स्वस्त आणि सोयीची आहे का?’ ज्याला ती स्वस्त वाटते पण स्टेशनपासून कॉलेज दूर पडते, त्याने कुठे खूण करायची? ‘आणि’ आले की प्रश्न दोन करा. अशा चुका आधी १० जणांकडून फॉर्म भरून घेतला की सापडतात, तेही समोर बसून, ते कुठे अडतात हे पाहत.

पाय चार्ट दोन ठेवा, बाकी काढा. विश्लेषण म्हणजे दोन उत्तरे एकमेकांसमोर ठेवणे. नागपुरात ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन मार्गिका सीताबर्डीला मिळतात. घर एका मार्गिकेजवळ आणि कॉलेज दुसरीजवळ असलेले विद्यार्थी गाडी बदलायला तयार होतात का? स्टेशनपासून कॉलेजपर्यंत चालण्याचा वेळ १० मिनिटांच्या वर गेला की वापर घटतो का? ही माहिती तुमच्या फॉर्ममध्ये आधीच आहे, फक्त तिचे उभे-आडवे तक्ते केलेले नाहीत. सहा चांगले तक्ते २२ चित्रांपेक्षा जास्त बोलतील.

प्लॅगरिझम (दुसऱ्याचा मजकूर उचलल्याचा) रिपोर्टमध्ये ३४ टक्के साम्य आले. एका मित्राने सांगितले की शब्द बदल, नाहीतर फाइल जुन्या फॉन्टमध्ये टाक, शून्य येते. काय करू?
– एम.ए. भूगोलाचा विद्यार्थी, कामठी

दोन्ही करू नका. कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर सॉफ्टवेअरला मराठी म्हणून वाचताच येत नाही, म्हणून शून्य दिसते. उघडून पाहणाऱ्याला हे लगेच कळते आणि मग चूक राहत नाही, लबाडी ठरते. फाइल युनिकोडमध्येच द्या.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांच्या टप्प्यात जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायला सांगतात. म्हणजे तुमच्यासाठी दार उघडे आहे. साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांची नावे, प्रमाणित सूत्रे आणि योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे धरायची नसतात. सलग १४ शब्दांपर्यंतचे सामान्य साम्यही सोडलेले आहे. रिपोर्ट काढताना ही वगळणी लावली होती का, ते आधी ग्रंथालयात विचारा. नुसत्या संदर्भसूचीमुळे आकडा फुगल्याची उदाहरणे भरपूर असतात.

त्यानंतर जे उरेल ते तुमचे काम. शब्द बदलून काय होते ते पाहा. समजा मूळ वाक्य असे आहे : ‘पावसाळ्यात नाग नदीच्या काठावरील वस्त्यांमध्ये पाणी शिरल्याने रहिवाशांचे आर्थिक नुकसान होते.’ शब्द बदलून : ‘वर्षा ऋतूत नाग नदीच्या तीरावरील वसाहतींत जल शिरल्यामुळे निवासींची आर्थिक हानी होते.’ विचार त्यांचा, वाक्याचा सांगाडा त्यांचा आणि मराठी मात्र बिघडली. याला उसनवारीच म्हणतात, संदर्भ दिला तरीही.

खरा उपाय वेळखाऊ आहे. परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, १० मिनिटे दुसरे काही करा आणि मग स्वतःला विचारा, हा लेखक माझ्या कोणत्या मुद्द्यासाठी हवा आहे? उत्तर लिहिले की वाक्य असे येते : ‘काठावरच्या वस्त्यांचे नुकसान मोजताना हा अभ्यास घरातल्या सामानाचा हिशेब धरतो, बुडालेली मजुरी धरत नाही.’ हे वाक्य कोणत्याही सॉफ्टवेअरला सापडणार नाही, कारण ते तुमचे आहे. संदर्भ तरीही द्यायचाच.

इंग्रजी परिच्छेद मराठीत आणून श्रेय न देणे हीसुद्धा चोरीच. रिपोर्टमध्ये ती दिसत नाही, पण त्या विषयाच्या परीक्षकाने मूळ लेख वाचलेला असतो.

विषय : हिंगणा एमआयडीसीतील कंत्राटी कामगार. २८ पानांचा खर्डा गाईड मॅडमनी परत दिला. समासात लाल शाईने जागोजागी ‘विस्कळीत’, ‘मग काय?’, ‘पुरावा?’ असे लिहिले आहे. सबमिशनला १२ दिवस आहेत. पहिल्या पानापासून दुरुस्ती सुरू केली, तीन दिवसांत पाच पाने झाली आणि अजूनही तसेच वाटून राहिले. सोबत खर्डा पाठवते आहे.
– एम.ए. समाजशास्त्राची विद्यार्थिनी, हिंगणा

आधी थांबा. पहिल्या पानापासून वाक्ये नीट करत जाणे हीच चूक आहे. ज्या परिच्छेदाचे शुद्धलेखन तुम्ही आज सुधारता, तो परवा काढून टाकावा लागला तर मेहनत वाया जातेच, शिवाय सुधारलेला परिच्छेद काढायला हात धजत नाही. दुरुस्ती मोठ्याकडून लहानाकडे करायची : आधी मांडणी, मग पुरावे, मग परिच्छेद, मग वाक्ये, सर्वांत शेवटी ऱ्हस्व-दीर्घ आणि संदर्भांतली विरामचिन्हे.

खर्डा आम्ही वाचला. तुमचे खरे म्हणणे २१व्या पानावर आहे : ‘कंत्राटदार बदलला की कामगाराची जुनी सेवा पुसली जाते आणि तो पुन्हा नवा होतो.’ हे वाक्य उत्तम आहे. ते २१व्या पानावर सापडते, कारण तुम्हाला ते २० पाने लिहिल्यावर सुचले. पहिला खर्डा नेहमी शोधण्याच्या क्रमाने लिहिला जातो. वाचणाऱ्याला मात्र समजून घेण्याचा क्रम लागतो. तेव्हा ते वाक्य प्रस्तावनेच्या शेवटी आणा आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर चिकटवा.

आता खर्ड्याची एका बाजूने छापलेली प्रत घ्या. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या आणि समासात सहा-सात शब्दांत लिहा, हा परिच्छेद काय सांगतो. ‘कामगारांविषयी’ असे लिहून चालणार नाही. ‘नव्या कंत्राटात रजा शून्यापासून मोजतात’ असे लिहा. ज्याचे सार असे लिहिताच येत नाही, तो परिच्छेद अजून झालेला नाही. ज्याची दोन सारे होतात, तो फोडायचा. हे काम एका दिवसाचे आहे आणि तेवढ्या दिवसात एकही वाक्य बदलायचे नाही.

दुसऱ्या दिवशी फक्त ती सारे वेगळ्या कागदावर ओळीने उतरवा आणि चिकटवलेल्या वाक्याशी ताडून पाहा. तुमच्या खर्ड्यात ४ ते ११ हे परिच्छेद औद्योगिकीकरणाचा जागतिक इतिहास सांगतात. त्यातले दोन ठेवा. १९ आणि ४३ एकच गोष्ट सांगतात, एकत्र करा. ३० ते ३४ मध्ये घरभाड्याची माहिती आहे. ती खरी आहे आणि कष्टाने मिळवलेली आहे, पण सेवा पुसली जाण्याशी तिचा धागा तुम्ही जोडलेला नाही. जोडता आला तर ठेवा, नाहीतर ‘वगळलेले’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये टाका. तशी फाइल केली की काढून टाकणे सोपे जाते. मॅडमनी ‘विस्कळीत’ लिहिले आहे ते नेमके याच जागांवर.

‘पुरावा?’ लिहिलेल्या जागांसाठी तीन रकाने आखा. पहिल्यात दावा, दुसऱ्यात पुरावा, तिसऱ्यात या पुराव्यावरून तो दावा का निघतो. तिसरा रकाना रिकामा राहतो, आणि मॅडमचे ‘मग काय?’ तिथलेच आहे. मुलाखतीतले अवतरण टाकून तुम्ही लगेच पुढच्या मुद्द्याकडे जाता. अवतरणाआधी बोलणारा कोण, किती वर्षांचा कामगार, हे एका वाक्यात यावे आणि अवतरणानंतर त्यातून काय दिसले हे दोन वाक्यांत यावे. एका ठिकाणी ‘सर्व कामगारांना’ लिहिले आहे. तुमच्या मुलाखती ४० आहेत. ‘मुलाखत घेतलेल्या ४० पैकी’ असे लिहा.

वाक्यांवर सातव्या-आठव्या दिवशी या. पान १४ वर हे आहे : ‘कंत्राटी कामगारांच्या आर्थिक परिस्थितीच्या संदर्भातील माहितीचे संकलन करण्यात येऊन तिचे विश्लेषण करण्यात आले असता असे दिसून येते की, बहुसंख्य कामगारांच्या उत्पन्नामध्ये अनियमितता आहे.’ तुमच्याच तक्त्यावरून ते असे होते : ‘४० पैकी २९ कामगारांना दर महिन्याला सारखा पगार मिळत नाही.’ ‘करण्यात आले’, ‘दिसून येते की’, ‘च्या संदर्भात’ आणि ‘द्वारे’ हे शब्द फाइलमध्ये शोधा व प्रत्येक जागी ते काढून वाक्य उभे राहते का पाहा. एका वाक्यात ‘च्या’ तीनदा आला तर वाक्य मोडा. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये ३० शब्द आले की वाचणाऱ्याला मागे जावे लागते. हे कानाला पटकन कळते. मोठ्याने वाचा, जिथे दम लागेल तिथे खूण करा. ‘कंत्राटी कामगार’, ‘ठेका कामगार’ आणि ‘अस्थायी श्रमिक’ यांतला एकच शब्द निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. ललित लेखनात एक शब्द पुन्हा पुन्हा नको असतो, पण शोधनिबंधात शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटते माणसे बदलली.

दहाव्या दिवशी फक्त आकडे : मजकुरातला प्रत्येक आकडा तक्त्यातल्या आकड्याशी बोट ठेवून जुळवा, तक्त्यांच्या बेरजा करा. त्यानंतर मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे का आणि सूचीतला प्रत्येक मजकुरात आहे का, हे पाहा. अकरावा दिवस छपाई आणि बाइंडिंगसाठी मोकळा ठेवा. सबमिशनच्या आठवड्यात दुकानांत गर्दी असते आणि पीडीएफ न करता पेनड्राइव्हवर वर्ड फाइल नेली की तिथल्या संगणकावर जोडाक्षरे तुटतात, तक्ते पुढच्या पानावर जातात.

मॅडमना नुसता नवा खर्डा देऊ नका. सोबत एक पान जोडा : त्यांची प्रत्येक सूचना, त्यावर काय केले, आता ते कोणत्या पानावर आहे. एखादी सूचना पटली नसेल तर तिथेच कारण लिहा. बहुतेक मार्गदर्शकांना असे कारण वाचायला आवडते, आणि नाही पटले तर निदान चर्चा नेमक्या जागी होते.

सारांश कधी लिहायचा, किती लिहायचा?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, वर्धा रोड

सर्वांत शेवटी, २०० ते २५० शब्द. प्रश्न काय, तो का विचारला, माहिती कोणाकडून आणि कशी घेतली, काय आढळले, त्याचा अर्थ काय. ‘काय आढळले’ यालाच निम्मी जागा द्या आणि त्यात प्रत्यक्ष आकडा लिहा. ‘या निबंधात विविध बाबींचा ऊहापोह केला आहे’ हे वाक्य कोणत्याही निबंधाला लागू पडते, म्हणून काढा. सारांशात संदर्भ देत नाहीत. खाली चार-पाच बीजशब्द (कीवर्ड) द्या. त्यात जागेचे नाव असू द्या, म्हणजे पुढे नागपूरवर काम करणाऱ्याला तुमचा निबंध सापडेल.